वाफ, धूर आणि लाँड्रीवाल्याच्या चादरी

तीर्थरूप दादास,

गुडघे परवानगी देतील तितकं वाकून नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे हे विचारण्यात अर्थ नाही, कारण "ठणठणीत" याखेरीज दुसरं उत्तर तू जन्मात दिलेलं नाहीस. पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हाही तू ठणठणीतच होतास. वहिनीची कंबर आता कशी आहे ते मात्र खरंखरं कळव. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. (हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत खोकताहेत, पण तो बातम्यांवरचा खोकला आहे, छातीतला नाही. बत्तीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला एवढा फरक कळतो.) फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू चाळिसाव्या सेकंदाला "बरं, ठेवतो" म्हणतोस, आणि मला जे सांगायचं आहे ते तेवढ्यात मावणारं नाही. शिवाय त्यात माझी फजिती आहे. फजिती सांगताना समोरचा हसला की माझं पुढचं सांगायचं राहून जातं, आणि या गोष्टीत पुढचंच महत्त्वाचं आहे.

तुला ठाऊकच आहे, ह्यांची उभी हयात लाकडाच्या वखारीत गेली. इतकी वर्षं करवतीचा भुसा नाकातोंडात घेतल्यावर छाती आता कुरकुर करते. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला, पण हवा चांगली असेल तेव्हाच चाला. हवा चांगली आहे हे ओळखायचं कसं, असं मी विचारलं. तर म्हणाले, "ऑनलाइन असतं की सगळं." (हल्ली ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कुणाला वेळ नसतो, ते उत्तर ऑनलाइन असतं.) मी सरकारी साइट उघडली. हिरवा गोल, गोलात आकडा, खाली शब्द, 'समाधानकारक'. त्या समाधानावर विसंबून हे सकाळी निघाले आणि पाऊण तासाने प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसत बसत वर आले. ओठ निळसर पडले होते. श्वासाचा पंप दोनदा मारावा लागला. ह्यांना खुर्चीत टेकवून मी पुन्हा साइट बघितली. समाधानकारक.

तेव्हा मला राग आला, आणि माझा राग तुला माहीत आहे, तो ओरडत नाही, चौकशा करतो. चौकशीअंती कळलं की आमच्या भागाचा म्हणून जो आकडा दाखवतात तो सात किलोमीटरवरच्या पाण्याच्या टाकीजवळच्या यंत्राचा आहे, आणि तोही मागच्या चोवीस तासांची सरासरी काढून. म्हणजे एखाद्याला "आत्ता भूक लागली आहे का" असं विचारावं आणि त्याने कालपासूनच्या जेवणांची सरासरी सांगावी, तशातली गत. यंत्र खोटं बोलत नव्हतं. ते आमच्याबद्दल बोलतच नव्हतं.

आमच्या वाचनालयात साठीच्या पुढच्यांसाठी कॉम्प्युटरचा मोफत वर्ग चालतो. शिकवणारी मुलगी माझ्या निम्म्या वयाची, पण आम्ही तिला बाईच म्हणतो. बाकीची मंडळी फोटो पाठवायला शिकत होती. मी म्हटलं, बाई, मला चार ठिकाणची माहिती एका पानावर आणायची आहे, आणि ती आपली आपण ताजी होत राहायला हवी. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मी तिथेच होते. मग दोन महिने आम्ही दोघी भिडलो. सरकारी यंत्रांचे आकडे एकीकडून घेतले. हौशी लोक आपापल्या गॅलरीत हवा मोजणाऱ्या छोट्या डब्या टांगतात आणि त्यांचे आकडे दर दोन मिनिटांनी जगाला दाखवतात, ते दुसरीकडून. कुठे आग लागली तर उपग्रहाला वरून ठिपका दिसतो, तो तिसरीकडून. आणि वारा कुठून कुठे चाललाय ते चौथीकडून. तुझ्या बहिणीने अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये याची वायर त्याला जोडली आहे. मला यात नवं काहीच वाटलं नाही. नवं एवढंच की इथे चौघंही एकदम बोलतात आणि कुणीच "हॅलो" म्हणत नाही.

खरी गंमत घड्याळांची. उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो आणि आग तेव्हाच सांगतो, सरकारी यंत्र तास संपल्यावर त्या तासाबद्दल बोलतं, आणि डब्या आपल्या आत्ताच्या वेळेत. हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे पहिले पंधरा दिवस माझ्या पानावर धूर आधी यायचा आणि आग नंतर लागायची. मी ते ह्यांना मोठ्या उत्साहाने दाखवलं. हे म्हणाले, "वखारीत असं झालं असतं तर बरं झालं असतं." त्याच सुमारास नकाशावर उत्तरेला एक लाल ठिपका मला रोज दिसायला लागला. तिसऱ्या दिवशी मी अग्निशमन दलाला फोन लावला. तिकडच्या माणसाने पत्ता शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, "बाई, तो पोलादाचा कारखाना आहे. ती आग तीस वर्षं कामावर आहे." मी आभार मानून फोन ठेवला. मग मी स्वतःची एक डबी घेतली. ती आधी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर लावली आणि दोन दिवस स्वतःच्याच तव्याचा धूर मोजून हवालदिल झाले. मग ती पुढच्या गॅलरीत नेली. इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं.

आता हसण्यावारी नेता न येणारं सांगते. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर लाँड्री आहे. मालक पन्नाशीचा, बोलायला कमी, कॉलर करायला एक नंबर. जवळच्या लॉजच्या चादरी-अभ्रे, सगळ्या इमारतीचे कपडे त्याच्याकडे. नवरा-बायको आणि एक विधवा बहीण, तिघं मिळून काम करतात. गॅलरीत डबी लावल्यापासून मला दिसायला लागलं की रोज सकाळी सात ते साडेनऊ आकडा एकदम चढतो. एरवी चाळीस, त्या वेळात दोनशेच्या वर. रविवारी काही नाही. लाँड्रीही रविवारी बंद. वारा गल्लीतून वर येणारा. आणि हे चालायला निघत ते नेमके सातला, लाँड्रीच्या दारावरून. दादा, चार बाजूंनी चार गोष्टी येऊन एका जागी जुळल्या की माणसाला किती बरं वाटतं म्हणून सांगू. मला वाटलं, सापडला. मी आलेख काढला, त्यावर लाल बाण काढला आणि इमारतीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आपल्या श्वासात काय मिसळतंय ते पुराव्यासह.' एक्केचाळीस जणांनी अंगठे दाखवले. मी त्या दिवशी दोनदा मोजले.

पुढच्या आठवड्यात लाँड्रीच्या दारात पालिकेचा निरीक्षक आला. तक्रार कुणी केली ते कळलं नाही, पण माझा आलेख छापून जोडलेला होता. चौकशी होईपर्यंत बॉयलर बंद. लॉजने चादरी दुसरीकडे पाठवल्या. इमारतीतल्या बायका कपड्यांची गाठोडी उचलून कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊ लागल्या, आणि जाताना माझ्याकडे बघून मान हलवत, म्हणजे 'बरं झालं, तुम्ही होतात'. आठ दिवस असं चाललं. नवव्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात लाँड्रीवाला, हातात ह्यांचे चार शर्ट. महिनाभरापूर्वी दिलेले, घडी मोडेल म्हणून हातावर आडवे धरलेले. मी आत बोलावलं. तो खुर्चीच्या कडेवर टेकला. पाणी दिलं ते घेतलं. मग म्हणाला,

"ताई, भांडायला नाही आलो. माझी इस्त्री विजेची आहे, बॉयलर गॅसचा. निरीक्षक म्हणाले धुराडं स्वच्छ आहे. मग धूर कशाचा ते मला कळेना. म्हणून विचारायला आलो. तुमचं यंत्र मोजतं काय?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला माहीत नाही. दोन महिने मी आकडे जोडत होते, वेळा जुळवत होते, आणि तो आकडा डबीच्या पोटात तयार कसा होतो हे एकदाही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "बघून सांगते." तो म्हणाला, "बघा. मी बसतो." मी वाचायला लागले. डबीच्या आत एक बारीक उजेडाची तिरीप असते. हवेतले कण त्या तिरिपेतून जाताना चमकतात, आणि डबी ती चमक मोजते. आणि खाली, बारीक अक्षरांत, हवेत फार ओल असेल तर पाण्याचे थेंबही चमकतात आणि डबी त्यांनाही धूळच समजते. मी उठले, पातेलंभर पाणी उकळलं आणि ते गॅलरीत नेऊन डबीखाली धरलं. आकडा सहाशे चाळीस. लाँड्रीवाला माझ्या मागे उभा होता. तो आकड्याकडे बघत राहिला, मग पातेल्याकडे. "वाफ," एवढंच म्हणाला. रागाने म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं.

दादा, त्या दिवशी मी पहिल्यांदा एकटीने रडले. आठ दिवस तीन माणसांचं काम बंद, आणि कशापायी, तर इस्त्रीची वाफ थंड सकाळी वर येते म्हणून. ह्यांना मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, "मोजण्यात तुझी चूक नाही. घाईत आहे." मी निरीक्षकाला चिठ्ठी लिहिली, बॉयलर सुरू झाला. ग्रुपवर माफीही लिहिली, स्पष्ट, माझ्या चुकीचा कुठे आडपडदा न ठेवता. तिला दोन अंगठे मिळाले. (त्यातला एक ह्यांचा, आणि तो चुकून लागला असं ते म्हणतात.) तेव्हा मला कळलं की आरोप जिना उतरून जातो आणि माफीला एकेक पायरी चढावी लागते. मग मी चढले. बावीस दारं वाजवली, माझ्या या गुडघ्यांनी. प्रत्येक दारात तेच सांगितलं, "माझं चुकलं, ती वाफ होती." कुणी चहा दिला, कुणी अर्ध्या दारातून ऐकलं. पाचव्या मजल्यावरची बाई म्हणाली, "पण काहीतरी असेलच ना हो?" तिच्या दारात मी पंधरा मिनिटं उभी होते. शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाही त्या ग्रुपवर आहेत, त्यांच्या घरीही गेले. गिऱ्हाइकं हळूहळू परतली. लॉज परत आलं. सगळी आली नाहीत, आणि ती आता माझ्या नावावर राहतील.

पानावर मी एक रकाना वाढवला, हवेतल्या ओलीचा. ओल जास्त असेल तर आकडा करडा दिसतो, म्हणजे याच्यावर विश्वास टाकू नका. पण खरं सांगू का, त्यानंतर मला ते पान उघडायचंच जिवावर यायचं.

महिन्यापूर्वीचा एक गुरुवार. जेवणं झाली होती, हे आत पडले होते. दुपारी दीडच्या पुढे डबी चढायला लागली. ऐंशी, एकशे वीस, दोनशे दहा. मी आधी ओल बघितली. हवा खडखडीत कोरडी. सरकारी गोल हिरवा, समाधानकारक. उपग्रह पुन्हा वरून जायला दोन तास अवकाश. वारा पूर्वेचा. मग मी पूर्वेकडच्या डब्या काढल्या. आमच्यापासून सहा किलोमीटरवरची डबी एक वाजून पाच मिनिटांनी चढली होती, तीन किलोमीटरवरची एक वीसला, माझी एक पस्तीसला. एकामागून एक, वाऱ्याच्या चालीने. काहीतरी चालत येत होतं. बाहेर बघितलं तर उन्हात नुसतं धुरकट, आणि धुरकट तर आमच्याकडे रोजच असतं. शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसत होत्या. अडीचला क्रीडादिनाची तालीम, चारशे मुलं धावणार होती.

मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. पुन्हा घेतला, पुन्हा ठेवला. पुन्हा वाफ निघाली तर? आणि नाही निघाली तर? शेवटी मी जिना उतरून लाँड्रीत गेले. माफी मागितल्यापासून आम्ही नमस्कारापलीकडे बोललो नव्हतो. मी म्हटलं, "मला एक विचारायचं आहे. तुमच्याकडून आज वाफ जास्त आहे का?" तो म्हणाला, "दुपारी बॉयलर बंद असतो." मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, हातातला शर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाला, "चला वर."

गच्चीवर लॉजच्या साठ चादरी दोऱ्यांवर वाळत होत्या. त्याने एका चादरीवरून बोट फिरवलं. बोटाबरोबर काळी रेघ उठली. दुसऱ्या चादरीवर बारीक काळे कण होते, मीठ सांडावं तसे, आणि वास रबर जळल्यासारखा, अगदी हलका. "तासाभरापूर्वी घातल्या," तो म्हणाला. "यंत्र काय म्हणतं?"

"वाईट म्हणतंय."

"चादरीपण तेच म्हणतात." त्याने एक अभ्रा काढला, घडी न घालता हातात धरला, आणि आम्ही दोघं शाळेत गेलो.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत खिडक्या बंद, आत थंड हवा. मी डब्यांच्या वेळा सांगितल्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि तितक्याच नीट विचारलं, "मागच्या वेळी वाफ होती ना?" त्यांचं चुकलं नाही. मीच तर घरी जाऊन सांगितलं होतं. तेवढ्यात लाँड्रीवाल्याने तो अभ्रा त्यांच्या टेबलावर पसरला आणि म्हणाला, "मॅडम, मागच्या वेळी ज्याचं नुकसान झालं तो मी. मी सांगतो, आज खरं आहे." मुख्याध्यापिकांनी अभ्र्यावर बोट टेकवलं, बोट बघितलं, उठल्या आणि स्वतः जाऊन घंटा दिली. दोन वाजून बारा मिनिटांनी मुलं वर्गात, खिडक्या बंद.

पूर्वेला मालगाड्यांच्या यार्डामागे जुन्या टायरांचा साठा पेटला होता. उपग्रहाचा ठिपका चारला उमटला. सरकारी सूचना, 'नागरिकांनी घराबाहेर पडणे टाळावे', पाच चाळीसला आली. तोवर धूर आमच्यावरून जाऊन शाळेवर दोन तास रेंगाळला होता. पलीकडच्या गल्लीतल्या दोघा म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, बरे होऊन घरी आले. हे ओला टॉवेल लावलेल्या खिडकीआड झोपून राहिले आणि उठल्यावर विचारत होते, आज चहाला उशीर का. शाळेत कुणालाही काही झालं नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी खेळाच्या सरांची तालीम बुडाल्याची तक्रार आली आणि तीन पालकांची मुलांना कोंडून ठेवल्याची. त्यांचंही बरोबर आहे. जे घडलं नाही ते दाखवणार कसं? लाँड्रीवाल्याने साठ चादरी पुन्हा धुतल्या. मी मदतीला गेले तर त्याच्या बहिणीने मला पिळायला दिलं नाही, घड्या करायला बसवलं आणि दोन घड्या परत मोडायला लावल्या.

परवा आरोग्य खात्यातून एकाचा फोन आला, तुमचं पान आम्ही बघितलं म्हणून. विचारलं, "हे आकडे अधिकृत आहेत का?" मी म्हटलं, अधिकृत नाहीत, तपासलेले आहेत. त्याने पानाचा पत्ता लिहून घेतला. आता पानावर आणखी एक रकाना आहे, 'चादर'. रोज अकराला लाँड्रीवाला गच्चीवरून फोन करतो आणि तीनपैकी एक शब्द सांगतो, स्वच्छ, मळकट किंवा काळी. कधीकधी मी हवेचं विचारून झाल्यावर तो विचारतो, "साहेब चालून आले का?" आणि मी सांगते, आले.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलंच. तुझं गाव आमच्या पूर्वेला. तिथपासून त्या सहा किलोमीटरवरच्या डबीपर्यंत मध्ये एकही डबी नाही. तिकडे काही पेटलं तर मला आधी कळायला तुझी गॅलरी अगदी मोक्याची आहे. छोटीशीच असते, आवाज करत नाही. नाही म्हणू नकोस.

ता. क. २. खरं तर ती तुझ्या गॅलरीत तीन आठवड्यांपूर्वीच लागली आहे, कुंड्यांच्या मागे. मी वहिनीला पाठवली होती. तुला सांगितलं असं ती म्हणाली होती, आता म्हणते विसरले. तिच्यावर चिडू नकोस.

ता. क. ३. तुझ्या डबीचा आकडा रोज संध्याकाळी पाच चाळीसला चढतो आणि सहा-सात मिनिटांत उतरतो. ओल नाही, वाऱ्याची दिशा काहीही असली तरी चढतो, आसपास कुठे आगीचा ठिपका नाही. वहिनी त्या वेळी भाजी आणायला गेलेली असते. रविवारी ती घरी असते, आणि रविवारी आकडा चढत नाही. गेल्या वर्षी बायपासनंतर डॉक्टरांनी तुझ्याकडून काय सोडायचं कबूल करून घेतलं होतं ते मला माहीत आहे. पण चार गोष्टी जुळल्या म्हणून मी आता बोट दाखवत नाही, आधी विचारते. ग्रुपवर काही टाकलेलं नाही, वहिनीलाही बोललेले नाही. दादा, ते काय आहे? तू लिहिशील तेच मी धरून चालेन. तोवर तो रकाना रिकामा ठेवला आहे.